दुसऱ्याला लिनक्सवर नेताना: लिनक्स सगळ्यात शेवटी

मावशीच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं ठरलं तेव्हा मी पेनड्राइव्ह खिशात घेऊनच गेलो होतो. त्या दिवशी तो खिशातून बाहेर निघालाच नाही. तिला म्हटलं, "तू तुझं रोजचं काम कर, मी नुसता शेजारी बसतो." तिने लॅपटॉप उघडला, खालच्या पट्टीवरचं रंगीत गोल चिन्ह दाबलं आणि म्हणाली, "हे इंटरनेट." मग गूगलच्या चौकटीत तिच्या मेलचं नाव टाइप केलं, आलेल्या पहिल्या निकालावर क्लिक केलं आणि मेल उघडली. पत्ता लिहायच्या पट्टीला तिने हातही लावला नाही. एका मेलमधली फाइल डाउनलोड केली, ती कुठे गेली ते सापडेना, म्हणून तीच मेल पुन्हा उघडून तीच फाइल पुन्हा उतरवली. डाउनलोडच्या फोल्डरात त्या फाइलीच्या सात प्रती होत्या, कंसात एक, दोन, तीन असे आकडे लागलेल्या.

तासाभरात माझ्या वहीत एवढं उतरलं: मेल, व्हिडिओ कॉल, बातम्या, खर्चाची एक एक्सेल फाइल, प्रिंट काढणं, फोनमधले फोटो लॅपटॉपवर घेणं आणि पत्त्यांचा एक खेळ. विंडोज त्या यादीत कुठेच नव्हतं.

कॉम्प्युटर वापरणाऱ्या बहुतेकांचं ऑपरेटिंग सिस्टिमशी नातं नसतंच. नातं असतं ते पाच-सात कामांशी आणि ती करायच्या पायाखालच्या वाटांशी. वाट शाबूत राहिली तर खाली काय बदललं याचं त्यांना सोयरसुतक नसतं. वाट मोडली, की तुम्ही कितीही चांगली सिस्टिम दिलेली असो, चार दिवसांत "मला माझं जुनंच परत दे" असा फोन येतो. आपण उत्साही मंडळी नेमकं उलट करतो. आधी लिनक्स टाकतो आणि मग वाटा शोधत बसतो. हा लेख त्या उत्साही मंडळींसाठी आहे. पण ज्यांचा लॅपटॉप आहे त्यांनीही वाचला तर बरंच, म्हणजे कुणी पेनड्राइव्ह घेऊन दारात उभं राहिलं तर काय विचारायचं ते कळेल.

विंगेतली माणसं

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे सांगायला मला नाटकाचा प्रयोग बरा वाटतो. प्रेक्षकांना दिसतात ते नट. पण पडदा सरकवणारा, दिवे सांभाळणारा, माइक जोडणारा, कुणाची एंट्री कुठून हे बघणारा ताफा विंगेत असतो. कॉम्प्युटरमध्ये ब्राउझर, एक्सेल, व्हिडिओ प्लेअर हे नट. डिस्कवर लिहिणं, मेमरी वाटून देणं, कीबोर्डवर दाबलेलं अक्षर योग्य त्या प्रोग्रामपर्यंत पोचवणं, प्रिंटरशी बोलणं, ही विंगेतली कामं ऑपरेटिंग सिस्टिमची. विंडोज हा असा एक ताफा, ॲपलचं मॅकओएस दुसरा, लिनक्स तिसरा. नट तोच राहून ताफा बदलू शकतो: फायरफॉक्स आणि क्रोम तिन्ही ठिकाणी सारखेच चालतात. काही नट मात्र ठरावीक ताफ्याशिवाय उभेच राहत नाहीत. मायक्रोसॉफ्ट ऑफिस किंवा फोटोशॉप लिनक्सवर थेट बसवता येत नाही ते यामुळे.

लिनक्स हे नाव खरं तर त्या ताफ्याच्या मुकादमाचं, म्हणजे कर्नलचं. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ ला आपण असं काही लिहीत असल्याचं जाहीर केलं. भोवतीची बरीचशी अवजारं रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. मुकादम, अवजारं, खिडक्या-मेन्यू आणि रोजचे प्रोग्राम हे सगळं एकत्र बांधून जे गाठोडं मिळतं त्याला डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा, डेबियन ही अशी गाठोडी.

इंग्रजीतल्या 'फ्री' शब्दाने इथे फार घोळ घातलाय, कारण फुकट आणि स्वतंत्र या दोन्हींसाठी त्यांच्याकडे तो एकच. आपल्याकडे मुक्त आणि मोफत असे दोन शब्द तयारच आहेत. मुक्त म्हणजे प्रोग्राम ज्या ओळींनी बनला त्या कुणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येतात. बहुतेक डिस्ट्रो मोफतही असतात, पण तो वरकड फायदा.

मावशीला यातलं काहीही सांगितलं नाही. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात, हे सांगायची फार इच्छा झाली होती, ती आवरली. "तुझ्या ॲण्ड्रॉइड फोनच्या आत लिनक्सच आहे" हे एक वाक्य मात्र कामाला आलं. "मग मी आधीपासूनच वापरतेय की," ती म्हणाली.

कारण त्यांचं हवं

खासगीपणा, स्वातंत्र्य, एका कंपनीवर अवलंबून न राहणं, ही तुमची कारणं झाली. चांगली आहेत, मलाही पटतात. पण समोरच्याचं दुखणं वेगळं असू शकतं आणि बदल टिकतो तो त्या दुखण्यावर उतारा मिळाला तरच.

सध्याचं सगळ्यात खरं दुखणं असं: विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव मुदत जाहीर झाली, पण ती वर्षभराचीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे कितीतरी धडधाकट लॅपटॉप नियमाप्रमाणे बाद ठरतात. कीबोर्ड ठीक, स्क्रीन ठीक, बॅटरी ठीक, तरी म्हणे जुना झाला. अशा मशीनसाठी लिनक्स हे अगदी सरळ उत्तर आहे.

फक्त "लिनक्स टाकलं की लॅपटॉप नव्यासारखा पळतो" असं वचन देऊ नका. सिस्टिम हलकी असते हे खरं, पण आजकाल मेमरी खातो तो ब्राउझर, आणि तो लिनक्सवरही तितकाच खादाड. चार जीबी रॅमच्या मशीनवर वीस टॅब उघडले तर ते इथेही धापा टाकणार. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली तर जो फरक पडतो तो कुठल्याही डिस्ट्रोने पडत नाही. आणि डिस्क बदलणारच असाल तर एक मोठा फायदा पदरात पडतो, तो पुढे बॅकअपच्या वेळी सांगतो.

आधी नट बदला, ताफा नंतर

मावशीचं विंडोज मी त्यानंतर दीड महिना तसंच ठेवलं. त्यावरच फायरफॉक्स, म्हणजे कोल्ह्याच्या चिन्हाचा ब्राउझर, बसवला, जुन्या ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड त्यात आणले. खर्चाची फाइल लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे वर्ड-एक्सेलची कामं करणाऱ्या मुक्त प्रोग्राममध्ये, उघडायला लावली. पत्त्यांचा खेळ ब्राउझरमध्ये चालणारा शोधून दिला. फोटोंसाठी केबल लावून फोल्डर कॉपी करण्याची एक साधी पद्धत बसवली, जी दोन्हीकडे सारखीच चालते.

यात एक हिशोब आहे. नवा प्रोग्राम शिकताना माणूस अडखळतो, तेव्हा बाकीचं सगळं ओळखीचं असेल तर अडखळणं पेलतं. आणि काही जमलंच नाही तर जुना प्रोग्राम अजून तिथेच असतो. ताफा आणि नट एकाच दिवशी बदलले, तर काहीही बिघडलं तरी दोष लिनक्सचा. प्रिंटरची शाई संपली तरी लिनक्समुळेच संपली.

ही पद्धत माझी नाही. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलिस दलाने हजारो कॉम्प्युटर याच क्रमाने बदलले. २००५ च्या सुमाराला त्यांनी मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी ओपनऑफिस आणलं, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम, आणि हे सगळं अंगवळणी पडल्यावर २००८ पासून उबुंटूकडे वळायला सुरुवात केली. उलट म्युनिक शहराच्या पालिकेने सुमारे १५ हजार कॉम्प्युटर कष्टाने लिनक्सवर आणले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. त्यामागे तांत्रिक अडचणी किती आणि राजकारण किती, यावर वाद आहेत. पण काम करणाऱ्या माणसांची कुरकुर दुर्लक्षिली की ती कधीतरी ठरावाच्या रूपाने परत येते, हे घरातही लागू पडतं.

लिब्रेऑफिसबद्दल प्रामाणिक राहावं. साधी पत्रं, साध्या बेरजा, याद्या यांना काहीच अडचण येत नाही. वर्डमधून आलेली फाइल उघडल्यावर मजकूर खालच्या पानावर घसरतो, अशी तक्रार मात्र हमखास येते. तिचं कारण बहुतेक वेळा फॉन्ट असतं. कॅलिब्री हा फॉन्ट मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा, त्यामुळे लिनक्ससोबत येत नाही. त्याच्या जागी दुसरा आला की अक्षरांची रुंदी बदलते, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि दोन पानांचं पत्र अडीच पानांचं होतं. यावर कार्लिटो नावाचा मुक्त फॉन्ट आहे, ज्याची प्रत्येक अक्षराची रुंदी मुद्दाम कॅलिब्रीइतकीच ठेवलेली आहे. कॅम्ब्रियासाठी तसाच कॅलाडिया. हे दोन फॉन्ट बसवले की निम्म्या तक्रारी जागच्या जागी विरतात. एक्सेलमधल्या मॅक्रोंचं, म्हणजे फाइलीतच लिहून ठेवलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञांचं, तसं नाही. कुणी मोठमोठे मॅक्रो वापरत असेल तर ते चालतील असं गृहीत धरू नका, त्यांच्याच फाइलीवर चालवून बघा.

देवनागरी टायपिंगची चौकशी तर पहिल्याच भेटीत करा. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कीबोर्डवर टाइप करणाऱ्यांना लिनक्समध्ये काहीच शिकावं लागत नाही, तो आराखडा तयारच असतो. उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणाऱ्यांसाठीही सोय आहे, पण फोनवर किंवा वेबवर सुचवण्या बघून शब्द निवडायची सवय असेल तर इथली पद्धत थोडी वेगळी वाटते. खरी गोची जुन्या फाइलींची. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर, तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. माणूस घाबरतो की फाइल खराब झाली. झालेली नसते. फॉन्टची फाइल सोबत नेली की बहुतेकदा मजकूर पुन्हा दिसतो. पण कन्व्हर्टर वापरून तो युनिकोडमध्ये आणून ठेवणं जास्त शहाणपणाचं.

नाही म्हणायची वेळ

दीड महिन्याच्या या काळात काही जणांच्या बाबतीत कळतं की यांना नेऊ नये. ज्यांची रोजीरोटी फोटोशॉप, ऑटोकॅड किंवा फक्त विंडोजवर चालणाऱ्या एखाद्या हिशोबाच्या प्रोग्रामवर आहे त्यांना मी सरळ नाही सांगतो. वाइन नावाचं एक मधलं माध्यम आहे, ते विंडोजचे कित्येक प्रोग्राम लिनक्सवर चालवतं, आणि त्यावर उभारलेल्या प्रोटॉनमुळे २०१८ नंतर गेम खेळणाऱ्यांचे दिवस पुष्कळ पालटले. पण आज चाललेला प्रोग्राम उद्याच्या अपडेटनंतर चालेलच याची हमी तिथे नाही. हौसेच्या कामाला ठीक, महिनाअखेरीच्या कामाला नाही. ऑनलाइन स्पर्धेचे काही गेम तर फसवणूक पकडणाऱ्या त्यांच्या यंत्रणेमुळे लिनक्सवर उघडतच नाहीत. सही करायची यूएसबी किल्ली, वर्षातून एकदा लागणारं फॉर्म भरायचं सॉफ्टवेअर, एखादं वैद्यकीय किंवा मोजमापाचं उपकरण, असल्या 'कधीतरी लागणाऱ्या' गोष्टी विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. विचारा.

आणि ज्याला स्वतःला बदल नकोय, त्याला तर नेऊच नका. मुलाने बापाच्या भल्यासाठी परस्पर लिनक्स टाकल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. बापाने पुढच्याच आठवड्यात कुणाकडून तरी विंडोज टाकून घेतलं आणि मुलाला सांगितलंही नाही.

रंगीत तालीम

लिनक्सची एक सोय विंडोजवाल्यांना सांगितली तर खोटी वाटते: बसवण्याआधी ते पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. याला लाइव्ह म्हणतात. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. डिस्ट्रोच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी डिस्ट्रो एका फाइलीत, उतरवायची आणि रूफस किंवा एचरसारख्या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी करून चालत नाही, आणि पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मग लॅपटॉप सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करायचं. आतल्या डिस्कला तुम्ही मुद्दाम हात लावत नाही तोवर तिथलं काही बदलत नाही. पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केलं की जुनं विंडोज जसंच्या तसं.

ही तालीम नीट घ्या, डेस्कटॉपचं चित्र बघून खूश होऊ नका. वायफाय लागतं का? काही चिपना वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम, लागतो आणि तो उतरवायला इंटरनेट लागतं, म्हणजे विहिरीत उतरायला दोर हवा आणि दोर विहिरीत. तेव्हा फोन यूएसबी केबलने जोडून त्याचं इंटरनेट वापरायचं, हा दोर जवळजवळ नेहमीच सापडतो. आवाज येतो का, माइकमधून जातो का, कॅमेरा दिसतो का, हे एखादा व्हिडिओ कॉल लावूनच बघा. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का? बोटाचा ठसा ओळखणारी पट्टी बऱ्याच मशीनवर चालत नाही, ते आधीच सांगून टाका. प्रिंटरबाबत परिस्थिती आता चांगली आहे: फोनवरून थेट छापू शकणारे प्रिंटर बहुधा ड्रायव्हरशिवायच सापडतात. वेगळा ड्रायव्हर मागणाऱ्या जुन्या मशीनशी मात्र झटापट होऊ शकते. मावशीच्या प्रिंटरने पहिल्या फटक्यात छापलं, स्कॅनरने मात्र माझी एक संध्याकाळ खाल्ली.

डिस्ट्रो कुठली, यावर हौशी लोक रात्ररात्र भांडतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: लिनक्स मिंट, सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपसह. डाव्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोजच्या सवयीला धक्का लागत नाही. मशीन फारच दुबळं असेल तर त्याचीच एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. तुम्ही स्वतः रोज दुसरंच काही वापरत असाल तर तेच द्या, कारण अडचण आली की निस्तरायची तुम्हालाच आहे.

बॅकअप, आणि माझी एक चूक

एका स्नेह्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना मी डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स, डाउनलोड असे चारही फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतले आणि निर्धास्तपणे 'डिस्क पुसून बसवा' हा पर्याय निवडला. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "जुन्या मेल कुठे दिसतील?" ते मेल ब्राउझरमध्ये वाचत नसत. त्यांच्याकडे मेलचा एक प्रोग्राम होता, तो सर्व्हरवरून मेल उतरवून घ्यायचा आणि सर्व्हरवरची प्रत पुसून टाकायचा. नऊ वर्षांचा पत्रव्यवहार एका लपलेल्या फोल्डरातल्या एका फाइलीत होता. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी फोल्डर निवडून बॅकअप घेत नाही. अख्खी डिस्क घेतो. मघाशी म्हटलेला फायदा तो हाच: नवी एसएसडी बसवून लिनक्स तिच्यावर टाका आणि जुनी डिस्क काढून, वर तारीख लिहून, कपाटात ठेवून द्या. याहून चांगला बॅकअप नाही, आणि परत फिरायचं ठरलं तर दहा मिनिटांचं काम. काही पातळ लॅपटॉपमध्ये डिस्क बोर्डावरच जडवलेली असते, तिथे हा उपाय नाही. तिथे बाहेरच्या डिस्कवर अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत घ्यावी लागते, आणि ती घेतल्यावर त्यातली दोन-चार कागदपत्रं दुसऱ्या मशीनवर उघडून बघावी.

आणखी एक सापळा बिटलॉकरचा, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा. बऱ्याच नव्या विंडोज लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सुरू होण्याच्या सेटिंगमध्ये काही बदललं की मशीन ४८ अंकी किल्ली मागतं. ती बहुधा त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि त्या खात्याचा पासवर्ड कुणाला आठवत नसतो. आधी किल्ली शोधून कागदावर उतरवा, मग पुढे.

विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवावं का? मला विचाराल तर अशा माणसांसाठी नको. सुरू होताना रोज एक प्रश्न पडतो, दोघांच्या घड्याळाचा हिशोब वेगळा असल्याने वेळ चुकते, विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेलं असेल तर लिनक्समधून त्याच्या डिस्कवर लिहिता येत नाही. आणि पहिल्या ठेचेला माणूस जुन्या घरी पळतो, ते वेगळंच.

बसवण्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. भाषा, कीबोर्ड, डिस्क, नाव, पासवर्ड विचारतं आणि साधारण अर्ध्या तासात होतं.

पहिला आठवडा

बसवून झाल्यावर मावशी येण्याआधी मी एवढंच केलं: तिच्या पट्टीवर पूर्वी ज्या क्रमाने चिन्हं होती त्याच क्रमाने लावली, फॉन्ट थोडा मोठा केला, तिचाच जुना वॉलपेपर टाकला. नातवंडांचा फोटो होता. ती बसली, फोटो बघितला आणि विचारलं, "अजून टाकलं नाहीस?"

मग खरे प्रश्न सुरू झाले, आणि ते मी वहीत कल्पिले होते त्यातले नव्हते. डी ड्राइव्ह कुठे गेला? लिनक्समध्ये सी, डी अशी अक्षरं नसतात; तिची सगळी वस्ती 'होम' या एका फोल्डरात. मी डी नावाचा एक फोल्डर करून दिला, वाद मिटला. मग सोबत ठेवलेला क्रोम उघडताना 'कीरिंग'चा पासवर्ड विचारायला लागलं. हा दोष माझा. तिला पासवर्ड टाकावा लागू नये म्हणून लॉगिन आपोआप होईल असं मी लावलं होतं, आणि त्यामुळे साठवलेल्या पासवर्डांची तिजोरी बंदच राहत होती. सुरुवातीला एकदा पासवर्ड टाकायला लावल्यावर तो त्रास गेला. पेनड्राइव्ह मात्र तिने नेहमीप्रमाणे ओढून काढला आणि त्यात घेतलेली फाइल अर्धीच गेली. लिनक्स लिहायचं काम थोडं मागे ठेवून सवडीने पुरं करतं, त्यामुळे 'इजेक्ट' म्हणून, परवानगी मिळाल्यावरच काढायचा. ही एक नवी सवय मात्र तिला लावावीच लागली.

प्रोग्राम हवा असेल तर वेबवर शोधून डॉट ईएक्सई फाइल उतरवायची, ही विंडोजची खोड इथे मोडावी लागते. फोनवरच्या प्ले स्टोअरसारखं इथे सॉफ्टवेअर मॅनेजर असतं, घ्यायचं ते तिथूनच. अपडेटची सूचना आली की पासवर्ड टाकून होय म्हणायचं. टाइमशिफ्ट नावाची सोय सुरुवातीलाच लावून ठेवा. अपडेटने काही बिघडलं तर ती सिस्टिमला आदल्या दिवशीच्या स्थितीत नेते. ती सिस्टिमच सांभाळते, फोटो आणि कागदपत्रं नाही. त्यांचा बॅकअप वेगळा. "म्हणजे आता व्हायरस नाही ना?" असंही विचारलं जाईल. विंडोजसाठी लिहिलेले व्हायरस इथे चालत नाहीत हे खरं, पण खोटी मेल पाठवून पासवर्ड काढून घेणारा चोर कुठली सिस्टिम आहे ते बघत नाही.

माउसला हात लावू नका, हा नियम मी स्वतःसाठी केलाय आणि तो पाळणं सगळ्यात अवघड आहे. त्यांना बटण सापडत नसतं, तुम्हाला ते समोर दिसत असतं, हात शिवशिवतात. तुम्ही दोन सेकंदांत करून दाखवलं की त्यांच्या लक्षात एवढंच राहतं की हे याला येतं, मला नाही. तोंडाने सांगा, थांबा, अजून थांबा. आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची टर्मिनल नावाची खिडकी त्यांच्यासमोर शक्यतो उघडू नका. तुम्हाला ती सोयीची आहे, त्यांना ती बिघाड वाटते.

लांबून मदत करायला रस्टडेस्कसारखा मुक्त प्रोग्राम बसवून ठेवला की त्यांचा पडदा तुम्हाला तुमच्या घरून दिसतो. त्यावर दिसणारा आकडा आणि पासवर्ड माझ्याशिवाय कुणी फोनवर मागितला तर फोन ठेवून द्यायचा, हे मावशीला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "तू मागितलास तरी आधी आवाज ओळखून घेईन."

पहिल्या आठवड्यात तिचे अकरा फोन आले. दुसऱ्यात तीन. महिनाभराने एकच, तोही प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून.

लॅपटॉपच्या पिशवीत तिने एक कागद ठेवलाय, तिच्या अक्षरात. 'कोल्हा म्हणजे इंटरनेट. डी फोल्डर होममध्ये. पेनड्राइव्ह ओढायचा नाही. ढालीवर अपडेटची सूचना दिसली की होय म्हणायचं.' खाली मी एक ओळ वाढवलीय, कारण मिंटच्या २२ मालिकेला अपडेट मिळणार आहेत ते २०२९ पर्यंत आणि तोवर आम्ही दोघंही विसरणार: 'नवी आवृत्ती टाकणे, २०२९ च्या आधी.' त्यापुढे तिने पेन्सिलीने लिहिलंय, 'याला बोलावणे.'